शेठ, अडत्या, धर्मशाळा आणि तू

रज्जाक, लेका, तुझ्या जनाज्याला आलेली गर्दी मी सध्या हजारभर सांगतोय. दिवाळीपर्यंत ती दोन हजारांवर नेईन, आणि पुढच्या पोळ्याला हैदराबादचे ट्रक कसे रांगेनं अडकून पडले होते तेही सांगेन. तू असतास तर मधेच तोंड घातलं असतंस, "अबे मन्या, कब्रस्तानात तेवढी जागाच नाई." माझी प्रत्येक गोष्ट तू अशी ओढून तिच्या खऱ्या मापावर आणायचास. आता कोणी आणत नाही. गोष्टी मनसोक्त फुगतात, आणि फुगल्या तरी मजा येत नाही.

पेपरात तुझी बातमी आली. जन्म, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण. रसायनशास्त्राचे ज्येष्ठ प्राध्यापक आणि मितभाषी, असं छापलंय. ते वाचून मी स्टाफरूममध्ये एकटाच हसत सुटलो आणि मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. तू मितभाषी. तू लॅबमध्ये "बर्नर बंद करा" म्हटलंस की पांढरकवड्याच्या निम्म्या हॉटेलांतल्या भट्ट्या विझायच्या. जयंतीच्या मिरवणुकीत तू शरबत वाटायला उभा राहिलास की आमच्या वस्तीतले डीजेवाले आवाज कमी करायचे, तुझ्यापुढं आपला निभाव लागत नाही म्हणून.

तेव्हा ती बातमी तिच्या जागी राहू दे. मी आपल्या अर्ध्या राहिलेल्या वादाबद्दल बोलणार आहे. इथं तुला मधे बोलता येत नाही, याचा मी पुरेपूर फायदा घेणार, हेही आधीच सांगून ठेवतो.

हे दुसरेही वाचतील, म्हणून थोडं मागून सुरू करतो. तू तोवर पान लाव.

सुनंदा टेकाम ही तुझी विद्यार्थिनी. मारेगावच्या पलीकडच्या एका पोडातली, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली. एम.एस्सी. झाली आणि तुझ्याच हाताखाली तिनं पीएच.डी.ला नाव घातलं. विषय तिनं कुठल्या पुस्तकातून आणला नव्हता. तिचा बाप मारोतीभाऊ पावसाळाभर लोकांच्या कापसावर फवारणी करतो. यंदा अळीनं असा उच्छाद मांडला की लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एकात कालवून मारू लागले, आणि तालुक्याच्या दवाखान्यात फवारणीवाल्यांना खाटा पुरेनात. पाठीवरचा पंप ठिबकतो, औषध सदऱ्यात जिरतं, घामात मिसळतं, आणि माणसाला पत्ता लागत नाही. लागतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आलेली असते. सुनंदाला एवढंच हवं होतं की सदऱ्यावर एक पट्टी असावी, तिच्यावर दोन बाटल्यांतले, एक सोड्याचा आणि एक रंग आणणारा, असे दोन थेंब टाकावेत, आणि औषध झिरपलं असेल तर पट्टी केशरी व्हावी. रंग दिसला की माणूस वेळेत काम थांबवेल आणि अंग धुईल.

विद्यापीठाच्या समितीनं तिला विचारलं, यात नवीन काय? कीटकनाशकं ओळखण्यावर तर ढिगानं काम झालंय. हे झालेलं नाही असं पुढच्या बैठकीत दाखवा, नाही तर नोंदणी रद्द. ती परत आली तेव्हा रडली वगैरे नाही. तुझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "सर, विषय गेला तं मी बी.एड. करन. पण मंग हे कोण करन?"

तू तिला बस म्हणालास. मग त्याच विभागातल्या माझ्याकडे वळून म्हणालास, "मन्या, शोधावं लागते."

तिथून आपलं युद्ध सुरू झालं. जगात कोणी कुठं रसायनशास्त्रावर लेख छापला की त्याची नोंद ठेवणारे मोठमोठे डेटाबेस असतात. काही फुकट, काहींना वर्षाची वर्गणी. प्राचार्य म्हणाले, एकच घेऊ, कोणता ते तुम्ही दोघं ठरवा. आपल्या दोघांवर एक गोष्ट सोपवणं म्हणजे दोन बैलांना एक शिंग वाटून घ्यायला सांगणं होतं. वर्गणीवाल्या दोन कंपन्यांनी महिनाभर वापरून बघायला दिले, तिसरा फुकटचा होताच. पहिल्याच दिवशी तू त्यांची बारशी उरकलीस, आणि पुढं सगळं कॉलेज त्यांना त्याच नावांनी ओळखू लागलं.

फुकटची ती धर्मशाळा. दाराला कडी नाही. काही विचारा, लाखभर लेख अंगणात आणून ओतणार. त्यात साधू असतात तसे खिसेकापूही असतात, आणि कोण कोणता ते ज्याचं त्यानं ओळखायचं.

दुसरा अडत्या. त्याच्याकडे निवडक मासिकांचाच माल, पण बाजाराची सगळी खबर. कोणाचा लेख कोणी उचलला, म्हणजे आपल्या लेखात आधार म्हणून घेतला, त्याच्यावर पुढं कोणी काय बांधलं, त्या बांधलेल्यावर आणखी कोण चढलं. कापसाच्या बाजारात अडत्याला कसं ठाऊक असतं की कोणत्या गावची गाडी कोणत्या जिनिंग कारखान्यात उतरली, तसंच.

उरला तो शेठ. जुना, अवाढव्य. कोणत्याही देशातल्या, कोणत्याही भाषेतल्या, बंद पडलेल्या मासिकातलासुद्धा लेख त्याच्या तळघरात असणार, आणि त्याचा इंग्रजीत सारांशही. त्याच्याकडे प्रत्येक पदार्थाला एक नंबर. एका औषधाची बाजारात पन्नास नावं असली तरी नंबर एकच. आणि नाव-नंबर काही माहीत नसेल तर पडद्यावर रेणूचं नुसतं चित्र काढायचं, हा माणूस कुठं पाहिला का असं विचारायचं.

मी अडत्याचा, तू शेठचा. धर्मशाळेत आपण दोघंही चोरून जायचो.

निवडायचं कसं, यावर तुझंच डोकं चाललं. आपण पोरगे असताना कापसाच्या यार्डात माझ्या बाबांचा डबा घेऊन जायचो, ते तुला आठवलं. बाबा तिथं हमाल होते. व्यापारी गाडीजवळ आला की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे बघायचासुद्धा नाही. कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि गाडीच्या पोटातली मूठ ओढून काढायचा. ओला माल, अळीनं खाल्लेला कवडी माल तिथंच दडवलेला असतो. तू म्हणालास, "वरून तिन्ही गोरेच दिसून राह्यले. हात खुपसून पाहू. ज्याचं उत्तर आपल्याले आधीच माहीत आहे, थे इचारू. जो खरं बोलन त्याले घेऊ."

एवढं शहाणपण करून तू विचारलंस काय? तुझा स्वतःचा पेपर. पळसाच्या फुलांच्या रंगावरचा, तुझ्या आयुष्यातला एकुलता एक, तो ज्या त्रैमासिकात आला ते पुढच्या वर्षी बंदच पडलं. ते तुझ्या लेखामुळं बंद पडलं असं मी गावभर सांगतो, आणि अजूनही सांगणार आहे.

सकाळी सहाला लॅबमधल्या कॉम्प्युटरपुढं बसायचो आपण, सोबत सुनंदाही. नंतर लाइट जायची, आणि असली तरी सगळं कॉलेज इंटरनेटवर तुटून पडायचं. एक पान उघडेस्तोवर झाडाला बोंड धरायचं. त्या सकाळी अडत्यानं तुला ओळख दाखवली नाही. धर्मशाळेनं पेपर काढून दिला, पण लेखक म्हणून छापखान्याचं नाव. आणि शेठनं मात्र तळघरातून जसाच्या तसा वर आणला, तुझ्या नावासकट, आतल्या एकेका पदार्थाच्या नंबरासकट. तू खुर्चीतून उठलास आणि लॅबभर फिरलास. बाहेर व्हरांड्यात कबुतरं उडाली. ही गोष्ट मी फुगवलेली नाही.

"पाह्यलं? याले म्हणते माल."

"तुहाच पेपर, तूच परीक्षक, तूच पास," मी म्हणालो. "आता माह्या अडत्याले इचारतो, रज्जाक शेखचा माल आजवर कोणी उचलला का."

"त्याच्याकडं माहा माल नाईच, तं उचलन कोण?"

"शेठले इचारू मंग. थोबी सांगते थोडंफार."

शेठनंही सांगितलं, कोणी नाही. मला वाटलं तू पडशील. तू सुनंदाकडे वळून, अगदी वर्गात शिकवावं तसा म्हणालास, "लक्षात ठेव पोरी. कोणी उचलला नाई म्हंजे माल अजून माह्याच घरात आहे." ती तोंडावर ओढणी धरून हसत राहिली. नोंदणीचं ओझं घेऊन फिरणारी ती पोरगी त्या महिन्यात पहिल्यांदा हसली असेल.

पण तिच्या विषयाचं घोडं पुढं सरकेना. आपण तिघांनी औषधाचं नाव टाकलं, बाजारातली नावं टाकली, शेठकडे नंबर टाकला, पट्टी टाकली, कागद टाकला, घाम टाकला. धर्मशाळेनं एवढे लेख आणले की वाचायला सुनंदाच्या नातवंडांना बसावं लागलं असतं. शेठनं कमी आणले, पण सगळे त्याच त्या महागड्या यंत्रांवरचे. हे झालंय असं कोणी म्हणेना, झालेलं नाही असंही छातीठोक सांगता येईना. तिच्या कागदी पट्टीचंही दुखणं होतंच. रंग यायचा, पण घामानं ओघळून जायचा. दुपारपर्यंत पट्टी अशी दिसायची जशी कोणी तिच्यावर चहा सांडलाय.

मग तो चहा. हायवेवरच्या टपरीवर, कॉलेज सुटल्यावर, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात. ट्रकच्या धुरात तू बशीत चहा ओतलास, प्यायला नाहीस.

"मन्या, आपण येडे आहोत."

"तू तुह्यापुरतं बोल."

"आपण बाटली शोधून राह्यलो. या जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या डोक्यात बाटलीच हाय. दुकानात बाटली, वावरात बाटली, दवाखान्यात नातेवाईक बाटली घेऊन येते डॉक्टरले दाखवाले. आपणबी शेठपुढं बाटलीच धरली. पण पट्टीवर रंग कोण देते? बाटलीतलं औषध देते का?"

"सोड्यानं फुटते थे. मंग त्यातला एक तुकडा देते."

"मंग तुकडा शोध ना. औषधाचं नाव नाई, कीटकनाशक नाई, काई नाई. फक्त त्या तुकड्याचं चित्र काढाचं आन् शेठले इचाराचं, याचा रंग कोणी कुठं केला का."

"तुकड्याले कोण इचारते बे जगात?"

"थेच पाहाचं."

आणि मग मी ते बोललो, जे मला आजही बरोबर वाटतं. मी म्हणालो, "आन् सापडलं तर? शेठ जमिनीच्या पोटातलं काढते. समितीवाले धर्मशाळेच्या पलीकडं जात नाईत. त्याईले जे दिसणार नाई थे आपण खणून काढून त्याईच्या हातात कायले द्याचं? आधी नोंदणी पक्की होऊ दे, मंग खण हवं तेवढं."

तू बशी खाली ठेवलीस. "जे सापडाचं थे आज सापडो. चार वर्षं राबल्यावर सापडलं तं पोट्टीनं कोणाच्या तोंडाकडं पाहाचं?"

"चार वर्षांनी थे प्राध्यापक झालेली राहीन."

"खोट्या मालावर?"

"रज्जाक, तू मौलवी का नाई झाला बे?"

"तुह्यासारखे ऐकणारे नाईत म्हणून." मग तू हसलास, चहा एका घोटात संपवलास. "उद्या सकाळी सहाले ये. तुकडा काढू."

"साडेसहा."

"सहा."

"साडेसहा."

तू स्कूटरला लाथ मारलीस आणि जाता जाता हाताची सहा बोटं दाखवलीस. एका हातात गाडीचं हँडल धरून माणूस सहा बोटं कशी दाखवू शकतो हे मला विचारू नका, मी पाहिली आहेत.

तू जिंकू नयेस म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साडेसहाला पोचलो. लॅबला कुलूप होतं. तूच उशीर केलास याचा मला एवढा आनंद झाला की काय सांगू. पायरीवर बसून तुला काय काय टोमणे मारायचे ते मी एकेक करून घासून-पुसून ठेवत होतो. त्यातला चौथा की पाचवा तयार होत होता तेव्हा शिपाई सायकल टाकून धावत आला.

ते टोमणे तसेच पडून आहेत. फार चांगले आहेत रे.

तुझ्या घरी शाहीनभाभीला भेटायला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडात गोष्ट नव्हती. तीच म्हणाली, "मनोहरभाई, उस रात सोते वक्त बोले, जल्दी उठाना, सुबह मनोहर को हराना है." आणि एवढं बोलून ती डोळ्याला पदर लावून हसली, मग मीही. बाहेर ओट्यावर बसलेल्या तुझ्या चुलत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दुःखाच्या घरात हसण्याचा आवाज येतोय म्हणून ते चकित झाले असतील. तुला ओळखणारे असते तर झाले नसते.

त्यानंतर मी लॅबकडे फिरकलो नाही. तासाला जायचो, शिकवायचो, घरी यायचो. तो कॉम्प्युटर आणि त्यासमोरच्या दोन खुर्च्या मला नको होत्या. एके दिवशी सुनंदा स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, शेठची मुदत संपून राह्यली."

"संपू दे."

"रज्जाक सरांनी मलेबी तुकड्याचं सांगतलं होतं."

"त्याचं काय ऐकते. थो तं काईबी सांगे."

ती हलली नाही. पोडातल्या माणसाचं उभं राहणं तुला माहीत आहे. झाड उभं असतं तसं ते असतं, कोणावर उपकार म्हणून नाही आणि कोणावर राग म्हणूनही नाही. शेवटी म्हणाली, "मले चित्र काढता येते सर. तुमी फक्त बाजूले बसा."

मी बसलो. तुझ्या नाही, माझ्याच खुर्चीत. तिनं तुकड्याचं चित्र काढलं. लहानसाच रेणू, चार घरांचं पोड असावं तसा. त्याला रंग देणारा दुसरा रेणू जोडला आणि शेठला विचारलं. शेठनं नेहमीसारखा वेळ घेतला. मग एक लेख वर आला.

लेख जुना, कुठल्या तरी थंड देशातला, मला ज्या भाषेची लिपीही वाचता येत नाही अशा भाषेतला. शेठनं खाली इंग्रजीत सारांश दिलेला. सुनंदानं वाचायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा उतरत गेला. तोच तुकडा, तोच जोडीदार, तोच केशरी रंग.

"झालंच आहे सर," ती म्हणाली. "सगळं झालं आहे."

त्या क्षणी, रज्जाक, मी तुला जी शिवी दिली ती इथं लिहीत नाही. भाभीही हे वाचणार आहे. शेठनं खणून काढलंच शेवटी, आणि तू निघून गेलास.

पण मी अडत्याचा माणूस, माल कोणाचा ते बघितल्याशिवाय उठत नाही. मी सारांश पुन्हा वाचला. त्यात औषधाचं नाव नव्हतं. शेती नव्हती, विष नव्हतं. ती रंगवाल्यांची प्रयोगशाळा होती, आणि ते लोक त्या तुकड्यानं काय रंगवत होते माहीत आहे? कापूस. सुती कापड. कापसाच्या जिल्ह्यात बसून, खिडकीबाहेर कापूस, अंगात कापूस, बाबांच्या पाठीवर जन्मभर कापूस, आणि आपण तिघं कापूस हा एकच शब्द सोडून बाकी सगळं शोधत होतो.

आणि ते बिचारे सारांशात रडत होते. म्हणत होते, कापडाला आधी अमुक प्रकारे सोड्यात भिजवलं की रंग असा घट्ट बसतो की साबणानं जात नाही, घामानं जात नाही, कशानंच जात नाही. चुकून डाग पडला तर थान वाया. हा दोष काढायला पुढं काम व्हायला हवं, म्हणे.

मी सुनंदाकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मी म्हणालो, "पोरी, ज्या दोषासाठी हे लोक रडून राह्यले, थोच तं तुले पाह्यजे."

"कागद नाई," ती हळूच म्हणाली. "कापड पाह्यजे. सदऱ्याचंच."

मग मात्र मी अडत्याला उठवलं. विचारलं, बाबा रे, हा रंगवाल्यांचा माल पुढं कोणी उचलला? त्या मासिकाचा तरी हिशेब अडत्याकडे होता. आठ-दहा जणांनी उचलला होता, आणि सगळेच्या सगळे कापड रंगवणारे. एकही माणूस तो रंग घेऊन वावरात गेला नव्हता. एकानंही विचार केला नव्हता की हाच तुकडा कुठल्या औषधातूनही निघतो.

शेठ नसता तर लेख सापडला नसता, हे मी मान्य करतो. पण अडत्या नसता तर विषय वाचला नसता, हे तू मान्य कर. तू मान्य करणार नाहीस. म्हणून मीही पहिलं वाक्य परत घेतो.

प्राचार्यांपुढं ठरवायची वेळ आली तेव्हा मी शेठच मागितला. ते चष्म्यावरून बघत राहिले. "मनोहरराव, तुम्ही तर अडत्यावाले." मी म्हणालो, "अडत्याकडे सुनंदा विद्यापीठात जाऊन बसेल, तिथं तो आहे. शेठ तिथंही नाही." ते म्हणाले, विचार करू. विचार करू म्हणजे काय ते तुला माहीत आहे. मग मी सहज, उठता उठता, म्हणालो की शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज शेठ घेतंय म्हणे, त्यांच्या प्राचार्यांनी तर फोटोही काढून घेतला. रज्जाक, त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतच नाहीत. पण आठवड्याच्या आत शेठ आपल्या लॅबमध्ये होता.

तुला वाटेल हा हरला. तसं समजू नकोस. मी तुझ्याशी इतकी वर्षं का भांडलो ते तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. तुला पटवायची मला कधी गरजच नव्हती. वाद मिटला की तू स्कूटरला लाथ मारून घरी जायचास, आणि वाद चालू असला की आणखी एक चहा व्हायचा. मी किती चुकीच्या बाजू केवळ चहासाठी लढवल्या आहेत याला गणती नाही. शेठ की अडत्या हे म्हणूनच मी ठरवत नाही. राहू दे तसंच उघडं.

दसऱ्याच्या आधी सुनंदा समितीपुढं गेली. गाइड म्हणून तुझ्या जागी मला घातलंय, म्हणून मीही गेलो, मागं बसलो, आणि तोंड उघडायचं नाही अशी शपथ घेतली होती. अध्यक्षांनी विचारलं, कुठं कुठं शोधलंत? ती म्हणाली, "आधी धर्मशाळेत, मग शेठकडे." अध्यक्षांचं पेन थांबलं. तिनं जीभ चावली आणि तिन्ही डेटाबेसची खरी नावं सांगितली. मग न विचारताच म्हणाली, "सर, हे अर्धं झालेलं आहे." मी खुर्चीत ताठ झालो. तिनं रंगवाल्यांचा लेख स्वतःच टेबलावर ठेवला, तो कसा सापडला ते सांगितलं, आणि मग सांगितलं की त्यांच्या मागून कोण कोण गेलं आणि वावराकडे कोणीच कसं गेलं नाही. "हे अर्धं त्यांचं आहे. राह्यलेलं अर्धं मी करते."

अध्यक्षांनी तो लेख उलटसुलट पाहिला. असं स्वतःहून आणून कोणी ठेवत नाही, असं काहीतरी शेजारच्यांना पुटपुटले. मग म्हणाले, "करा." एवढंच. तिला बी.एड. करावं लागणार नाही, रज्जाक. ती बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या खांबाला टेकून तिनं त्या दिवशी पहिल्यांदा तुझं नाव घेतलं, "रज्जाक सर असते तं आता ओरडले असते." तू ओरडला असतास तर विद्यापीठाला सुट्टी द्यावी लागली असती.

परवा तिच्या पोडाजवळच्या वावरात गेलो होतो. शेवटच्या फवारण्या चालल्या आहेत. तिनं सोड्यात भिजवून वाळवलेल्या कापडाचे तुकडे बापाच्या सदऱ्याला टाचले, दोन्ही खांद्यांवर, बाहीवर, कमरेशी. मारोतीभाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "सायेब, चांगल्या सदऱ्याले हे ठिगळं कायले? लोक म्हणतीन पोट्टी शिकली आन् बापाले फाटकं घातलं." मग लेकीशी कोलामीत काहीतरी बोलला. ती लाजली, म्हणजे माझ्याबद्दलच असावं.

दुपारी तिनं त्याला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोलावलं आणि दोन बाटल्यांतले थेंब टाकले. बाही पांढरीच राहिली. उजवा खांदा पांढरा. डाव्या खांद्यावरचं, पंपाच्या पट्ट्याखालचं कापड आधी पिवळसर झालं, मग बघता बघता केशरी, आणि तसंच राहिलं. त्यानं मान वळवून पाहिलं, बोटानं चोळून पाहिलं. रंग बोटाला लागला नाही.

"कोरडं लागून राह्यलं होतं बापा," तो म्हणाला. "मले वाटलं कोरडाच आहो."

त्यानं पंप उतरवला, सदरा काढला आणि विहिरीकडे निघाला. दोन पावलं जाऊन थांबला. "सुनंदा, थे पलीकडच्या वावरात तिघं जण मारून राह्यले सकाळपासून. त्याईच्यासाठी आहेत का ठिगळं?"

सुनंदानं पिशवीत हात घातला, होती. मी बाटल्या उचलेस्तोवर ती धुऱ्यावरून निघालीसुद्धा होती, आणि चालता चालता त्या तिघांना हाक मारत होती, पंप बंद करा म्हणून.